कानातला तोल

मिरज,
३ फेब्रुवारी १९७५

प्रिय चंद्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी पत्र बाजूला ठेवलं असशील, मग भाकऱ्या उरकल्या असशील, आणि कुणी बघत नाही असं पाहून आता कुठे उघडलं असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दीड वर्ष झालं, मी तुला एक ओळ लिहिली नाही. त्याचा राग जितका असेल तितका खुशाल ठेव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. मी इतकी खुशीत आहे की होस्टेलच्या मुली विचारतायत, अंजना, लॉटरी लागली का गं? त्यांना काय सांगू? माझ्या भावाच्या कपाळावरचा दारुड्याचा शिक्का पुसला गेलाय, सगळ्या उंब्रज गावाच्या देखत पुसला गेलाय, आणि त्यात थोडा हात माझाही आहे. हे सगळं तुला कधी एकदा सांगते असं झालंय.

माधवनगरच्या त्या दोन खोल्या आठवतात का? एकीत तुम्ही, एकीत हंबीरदादा आणि मी. दादा गिरणीत जायचा, मी मॅट्रिकचा अभ्यास करायचे आणि तू आमच्या चुलीवरचं दूध उतू गेलं की भिंतीपलीकडून ओरडायचीस. दादा कामावरून आला की तुला नेमकं तेव्हाच आमच्याकडे विरजण मागायचं असायचं. घरात तुमच्या म्हैस, आणि विरजण आमच्याकडे! तुझ्या वडिलांच्या, भाऊसो मामांच्या, ते लक्षात आलं, आमच्या आबांच्याही आलं, आणि दोघांनी शहाण्यासारखं सुपारी फोडून टाकली. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा वहिनी म्हटलं, तर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. तो अजून माझ्याकडे जमा आहे.

आणि मग ती संध्याकाळ. दादा पाच-सहा महिने गावी राहून कामावर परत आला होता. दिवस मावळल्यावर रेल्वे फाटकाकडून येताना तो झोकांड्या खात होता, दोनदा भिंतीला धरून उभा राहिला आणि शेवटी गटाराच्या कडेला बसला. हे तुझ्या वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा दोष नाही गं. हातभट्टीवरून घरी परतणाऱ्यांची वेळही तीच आणि चालही तीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला की पोरगी विहिरीत ढकलीन पण दारुड्याला देणार नाही. तू मला नळावर गाठून म्हणालीस, “पीत आसंल तर तसं सांग गं अंजे. मी सोडवंन त्येला. पर खरं काय ते सांग.” मी घागर उचलून निघून आले. कारण खरं काय ते अर्धं मला ठाऊक होतं आणि सांगायला बंदी होती, आणि उरलेलं अर्धं तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता एक काम कर. हसू नकोस, कर. हे पत्र डोळ्यांसमोर नीट धर आणि नाही-नाही म्हणतो तशी मान जोरात हलवत ही ओळ वाच. वाचता आली ना? आता मान अगदी स्थिर ठेव आणि हा कागदच तितक्याच जोराने इकडून तिकडे हलव. बघ, अक्षरांची कशी फरफट होते! डोळे तेच, कागद तोच. मग पहिल्या वेळी अक्षरं जागच्या जागी कोणी धरली? तुझ्या कानांनी. खरंच सांगते, कानांनी. आपण समजतो कान म्हणजे ऐकण्याचं काम. पण कानशिलाच्या आत, कवटीतल्या सगळ्यात टणक हाडात कोरल्यासारख्या तीन अर्धगोल नळ्या असतात, ज्वारीच्या ताटाच्या धाग्यापेक्षा जाड नसतील, आणि त्यात पाणी भरलेलं असतं. भरलेली घागर गरकन फिरवली तर घागर फिरते आणि आतलं पाणी क्षणभर मागे राहतं, अगदी तसंच त्या नळ्यांत होतं. मागे राहिलेलं पाणी आतल्या बारीक केसांना वाकवतं, ते केस मेंदूला कळवतात की मान इकडे वळली, आणि मेंदू त्याच क्षणी डोळ्यांना तितकंच उलट वळवतो. म्हणून आपण पळत असलो तरी समोरचा माणूस नाचताना दिसत नाही. शेजारीच दोन इवल्या पिशव्या असतात, त्यांत चुनखडीचे कण. वर कुठलं आणि खाली कुठलं ते ह्या कणांच्या वजनावरून कळतं. एवढा सगळा कारखाना, आणि मावतो एका हरभऱ्याएवढ्या जागेत.

हे मला शिकवलं आमच्या ट्यूटर सिस्टरनी, इथे मिरजेला, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या कपाटात प्लॅस्टरचा एक भला मोठा कान आहे, त्याचे तुकडे सुटे होतात. पंचेंद्रियांचा धडा चालू होता. डोळा झाला, नाक झालं, जिभेवरच्या चवीच्या कळ्या झाल्या, आणि सिस्टरनी तो कान उघडून आतल्या नळ्या दाखवल्या. म्हणाल्या, “घाटात बस लागते ती पोटामुळं नव्हं, ह्याच्यामुळं. कान सांगतो वळालो, डोळा सांगतो बाकावर बसलोय. दोघांचं भांडण लागतं आणि शिक्षा पोटाला.” सगळ्या मुली हसल्या. मी मात्र अंगावर काटा येऊन बसले, कारण मला कुंभार्ली घाट आठवला.

त्याच्या आधीच्या महिन्यात आम्ही कोयनानगरला बनुआत्याकडे गेलो होतो आणि तिथून तिला घेऊन चिपळूणला, तिच्या नातवाच्या बारशाला. दादाला लहानपणापासून बस लागायची, ती तुला ऐकून माहीत असेल. कराडच्या पुढे गेलं की त्याच्यासाठी दोन लिंबं आणि एक जुनं धोतर घ्यायचं, हा आमच्या घरचा नेमच. आणि ह्या वेळी कुंभार्लीच्या वळणांत अर्धी गाडी खिडकीबाहेर डोकी काढून बसली होती, आबांनी डोळे मिटून देवाचा धावा चालवला होता, आत्याचा तर जीव जायचा बाकी होता. आणि आमचा दादा मधे बसून शांतपणे कांदाभजी खात होता! एकेक भजं कागदातून काढायचा, मीठ झटकायचा आणि तोंडात टाकायचा. आत्या उलटी करता करता त्याच्यावर खेकसली, “लाज वाटत न्हाई का रं मुडद्या?” दादा म्हणाला, मला काहीच होत नाही, फक्त गाडी चालू असली की बाहेरच्या पाट्या वाचता येत नाहीत, सगळं थरथरतं, गाडी थांबली की स्वच्छ दिसतं. तेव्हा आम्ही तो विषय हसण्यावारी नेला.

पण प्लॅस्टरच्या त्या कानापुढे बसून मी एकेक गोष्ट जुळवत गेले. ज्याला बस लागायची त्याला ती लागत नाही, म्हणजे भांडायला कानच जागेवर नाही. चालताना समोरचं जग थरथरतं, म्हणजे डोळ्यांना धरून ठेवणारं कुणी नाही. आणि दिवसा सरळ चालणारा माणूस अंधार पडला की झोकांडतो, म्हणजे दिवसभर डोळ्यांवर निभावतोय आणि उजेड गेला की आधार गेला. दारूचा ह्यात थेंबही नाही! वर्ग सुटल्यावर मी सिस्टरना गाठलं आणि विचारलं, कान असा आतून बंद कशाने पडतो? त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “कुणाला टीबीच्या सुया दिल्या होत्या का?”

हां, चंद्रा. ते नाव आता लिहिलं. दादाने बजावलं होतं की अंजे, बाकी काही लिही न लिही, क्षयाचं लिही. दादाला क्षय झाला होता. सुपारी फुटल्यावर थोड्याच दिवसांत खोकल्यातून रक्त आलं. शेतीची कामं निघाली म्हणून गावी गेलाय, असं आम्ही तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. तो दवाखान्यात होता आणि महिनोन् महिने त्याला रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई टोचत होते. त्या सुईनेच तो वाचला, हे मी कधी विसरणार नाही. पण तीच सुई काहींच्या कानातले ते बारीक केस मारते. दवाखान्यात असतानाच त्याला गरगरायचं, तर सगळे म्हणाले अशक्तपणा आहे.

आणि लपवलं का, तेही ऐक. आबांचं म्हणणं, क्षयाच्या घरातली पोरगी कोण करणार? पोरगी म्हणजे मी. दारुड्याची बहीण खपते, क्षयाच्या घरातली खपत नाही, हा आपल्याकडचा न्याय. तुमच्या घरून निरोप आला तेव्हा आबांनाही वाटलं की पोरगा दुखण्यातून उठला आणि बाटलीला लागला. दादा गिरणी सोडून गावी परतला, तर रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभं करून ते त्याचं तोंड हुंगायचे. वास यायचा नाही, तर म्हणायचे, वेलदोडा खाल्ला असेल. दादा मुकाट तोंड उघडायचा. आपण का पडतो हे त्यालाही कळत नव्हतं, पण आजाराचं नाव घेतलं असतं तर निदान तुझ्या घरी तो दारुडा तरी ठरला नसता. त्याने घेतलं नाही. मी एकदा चिडून विचारलं तेव्हा म्हणाला, तुझं लगीन होऊन जाऊ दे, मग बघू. त्या दिवशी मी इतकी रडले आणि इतकी चिडले की काय सांगू. माझ्या लग्नासाठी ह्याने स्वतःचं मोडू दिलं होतं!

मी गावाकडे धावले आणि आबा-दादा दोघांना ओढत मिरजेला आणलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दादाला उभं केलं, म्हणाले पाय जुळवा. जुळवले. आता डोळे मिटा. मिटले, आणि चंद्रा, तो उसाचं कांडं तोडून टाकावं तसा सरळ आडवा व्हायला लागला. डॉक्टर तयारीतच होते, त्यांनी धरला. सकाळचे नऊ वाजलेले, दादाच्या पोटात फक्त चहा. आबा खुर्चीतून उठले, दादाच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि तसेच परत बसले. मग डॉक्टरांनी त्याच्या कानात गार पाणी सोडलं. चांगल्या कानात गार पाणी गेलं की नळीतलं पाणी हलतं आणि माणसाला वाटतं आपण भोवऱ्यावर बसलोय. दादा नुसता ‘गार लागतंय’ म्हणाला. मला वाटलं, आपणही करून बघावं; शिकण्याची भारी हौस ना! डॉक्टरांनी माझ्या कानात तेच पाणी सोडलं, आणि खोली अशी फिरली की मी त्यांच्या टेबलावरच उलटी केली. दादा इतका हसला, किती दिवसांनी त्याला हसताना पाहिलं! मी तोंड पुसत होते आणि मनात म्हणत होते, हस, हस, तू जिंकलास.

मेलेले केस परत उगवत नाहीत, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पण ते म्हणाले, तोल तिघे मिळून सांभाळतात, कान, डोळे आणि पायांचे तळवे. एक गेला तर उरलेल्या दोघांना त्याचं काम शिकवता येतं, मात्र घाम गाळावा लागतो. तो आमच्या दादाने गाळला! अंगठा समोर धरायचा, नजर त्याच्यावर रोखायची आणि मान हलवायची. खळ्यात बसून तो अशी मान हलवायला लागला की पोरं जमायची आणि नंदीबैल, नंदीबैल म्हणून ओरडायची. मग अनवाणी चालायचं, आधी खळ्यात, मग शेताच्या बांधावर, मग तारळी नदीच्या वाळूत. कितीदा पडला असेल, त्याने मोजलं नाही आणि आम्हीही नाही. गुडघे कायम फुटलेले. आई हळद लावायला गेली की म्हणायचा, राहू दे, उद्या परत तिथंच लागणार आहे. सुट्टीला मी घरी गेले की त्याच्यामागे छडी घेऊन फिरायचे. नीट चालायला लागल्यावर मी त्याला सायकल दिली. पहिल्या दिवशी तो सायकलीसकट उसाच्या सरीत गेला आणि आबांनी मला घरातून हाकलायची भाषा केली.

आता सव्वीस जानेवारीचं ऐक. गावात तरुण मंडळाने शाळेच्या पटांगणावर संथ सायकल शर्यत ठेवली होती. तुला माहीतच आहे, जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकतो, आणि ज्याचा पाय जमिनीला टेकेल तो बाद. दादाने नाव दिलं. पटांगणभर खसखस पिकली. गुंडा पैलवान मोठ्याने म्हणाला, “आरं हंबीर, सायकल धराया मानूस दिऊ का रं?”  दादाने पलीकडच्या झेंड्याच्या काठीवर नजर रोखली, ती शेवटपर्यंत हलवली नाही. शिट्टी झाली. चुन्याच्या पट्ट्यांमधून सायकली मुंगीच्या पावलाने सरकायला लागल्या. पैलवानाचाच पाय आधी टेकला, मग एकेकाचे टेकत गेले. शेवटी दोनच उरले, दादा आणि टपालवाल्यांचा अर्जुना, जो दिवसभर सायकलीवरच असतो. अर्जुना सरकत सरकत पुढे जाऊन रेघ ओलांडून बसला, आणि मागे आमचा दादा एकटा, सायकल जवळजवळ उभी, हँडल थरथरतंय, आणि पाय पायडलवर!  तो आला, रेघेवरून चाक गेलं, आणि मग जो गलका उठला, चंद्रा, तो मिरजेपर्यंत ऐकू आला असेल. मी शिट्ट्या मारल्या. हो, बोटं तोंडात घालून, नर्सबाई असून.

पण खरी गंमत पुढेच झाली. सरपंच बक्षिसाचा स्टीलचा डबा द्यायला पुढे झाले, तेवढ्यात आमचे आबा, जोतीराम पाटील, ज्यांनी जन्मात चार माणसांसमोर तोंड उघडलं नाही ते, फेटा सावरत मधे जाऊन उभे राहिले. म्हणाले, “समद्यांनी ऐका. माझ्या पोरानं दारूला कवा हात लावला न्हाई. त्येला टीबी झाला हुता. आमी लपवला. सुयांनी त्येचा जीव वाचला आन् कानातला तोल गेला. बरा झाल्याला छातीचा फोटू माझ्या घरात हाय, कुनाला बघायचा आसंल त्येनं यावं. आन् ह्ये ऐकून माझ्या पोरीला कोन करनार नसंल तर नगं करू दे. ती तिचं प्वाट भरती.” एवढं बोलून ते खाली बसले आणि फेट्याच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.  मग गुंडा पैलवान उठला, दादाजवळ गेला आणि त्याला सायकलीसकट खांद्यावर घ्यायला लागला. दादा ओरडतोय, अरे पडशील, आणि पैलवान म्हणतोय, “तू असताना कसा पडंन मी?” मला आबांचा इतका अभिमान वाटला की मी भर पटांगणात जाऊन त्यांच्या पाया पडले. आमच्या घरातली ती दीड वर्षं कोंडलेली हवा त्या दिवशी मोकळी झाली. आता कोण मला करतो आणि कोण नाही, त्याचं मला सोयरसुतक नाही.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. तुमच्या आळीतली धोंडुबाई लेकीच्या बाळंतपणाला आमच्या वॉर्डात आली आहे. काल ती सहज बोलून गेली की अकरा तारखेला, मंगळवारी, तुला बघायला इचलकरंजीहून पाहुणे येणार आहेत, आणि आतापर्यंत आलेल्या सगळ्यांना तू नाही म्हणालीस. माझ्या हातातलं थर्मामीटर पडता पडता वाचलं. म्हणून, मंगळवारच्या आधी, येत्या रविवारी आबा, दादा आणि मी तुमच्या घरी येतोय. माझी ड्यूटी संध्याकाळी सुटते, तेव्हा माधवनगरला पोचेपर्यंत अंधार पडलेला असेल, आणि तुमच्या आळीत अजून विजेचा खांब आलेला नाही, असं धोंडुबाई म्हणते. मी म्हटलं, दादाचा हात मी धरीन. तो नको म्हणाला. त्याला अंधारात उजेड लागतो, आज लागतो आणि म्हातारपणीही लागणार. हे लपवून आम्हाला सोयरीक जोडायची नाही, एकदा लपवून पाहिलं ते पुरे झालं. लग्नाआधी मुलीने असं बाहेर यायचं नसतं, आळी बोलेल, हे मला कळतं. पण तुला तो अजून हवा असेल तर कंदील घेऊन तू स्वतः आळीच्या तोंडाशी ये आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढे चाल. नको असेल तर घरातच राहा. आम्ही भाऊसो मामांना खरं काय ते सांगू, पाणी पिऊ आणि परत फिरू, तुला कुणी शब्दाने बोलणार नाही. पण तू पुढे चाललीस तर तो पडायचा नाही, चंद्रा.

तुझीच
(मैत्रीण की नणंद, ते रविवारी तूच ठरव)
अंजी